सहाच न्यायचे, तर सहावा कोण?

...आणि वर म्हणतो काय, सहाच! अहो, सहाच कसे? एकशे त्रेचाळीस जनावरं तुम्ही माझ्यासमोर नाचवता, एकाच्या शेपटीला आग, एकाच्या टाळक्यावर कारंजं, एक नुसताच गोल, त्याला ना हात ना पाय... आणि मग म्हणता, यातले सहा निवडा, सातवा खिशात ठेवायचा नाही! तुम्हाला सांगतो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. ‘फक्त सहा माणसे’ ही पाटी तीस वर्षं मीच स्क्रू पिळून लावत आलोय, आणि त्या पाटीखाली आठ-आठ जण पोट आत घेऊन उभे राहतात हेही बघत आलोय. पण हा खेळ? सहा म्हणजे सहा!

थांबा, मुळापासून सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, यांच्या पायाला लागलंय की डोक्याला. पायाला! दहा-दहा मजले खोल पोकळीत लोंबकळून काम केलं, नखाला ओरखडा नाही, आणि घरी पडद्याचा हूक बसवताना स्टुलावरून पडलो. स्टूल केवढं? एवढं! गुडघ्याला लागेल एवढं! घोट्याचं हाड मोडलं. प्लास्टर, आणि दीड महिना हलायचं नाही. पहिल्या चार दिवसांत मी हिला... हिला म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना... मिक्सर असा का वाजतो, दार असं का कुरकुरतं, विचारून-विचारून इतकं सळो की पळो केलं, की हिनं सरळ लेकीला फोन लावला. लेक दुसऱ्या गावी नोकरीला. दोन दिवस आली, जाताना तिच्या लहानपणीचं ते हातात धरायचं खेळाचं यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, “बाबा, हे खेळा. आईवर दया करा.”

खेळ काय, तर रानात फिरायचं. गवत हललं की जनावर निघतं, त्याला पकडायचं, शिकवायचं, दुसऱ्याच्या जनावराशी लढवायचं. आणि शेवटी एक महाल, तिथे पाच उस्ताद, एकापाठोपाठ एक, मध्ये दम खायला सवड नाही. तिथे सहा घेऊन जायचं. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं.

पहिल्यांदा तीनच ठेवतात समोर, एक निवडा म्हणून. मी लठ्ठ निवडला. ढोल्या! खरं नाव काहीतरी इंग्रजी आहे, माझी जीभ वळत नाही. ढोल्या काय करतो? झोपतो. लढाईत झोपतो! समोरचा ठोसे मारतोय, हा घोरतोय. पण मरत नाही हो! मला कुतूहल वाटलं, हा मरत का नाही? मग सापडलं, प्रत्येकाचं एक पान असतं, ताकद एवढी, वेग एवढा, कातडी एवढी जाड. आकडे! आता आकडे दिसल्यावर मी सोडतो होय? कामावरच्या तपासणीच्या कागदांच्या पाठीवर रकाने आखले आणि लिहायला बसलो. खडप्या... हा दगड आहे, ताकद जबरदस्त, पण पाण्याचा एक शिंतोडा उडाला की आडवा. दगड कधी पाण्यानं मरतो का? मग नदीत काय असतं? पण इथे मरतो. बरं, ताकद तर सगळ्यात जास्त. मग सांगा, घ्यायचा की घरी बसवायचा?

लाळ्या! लाळ्या म्हणजे गोगलगाय. मारतच नाही कोणाला. नुसती लाळ लावते आणि आपल्या शंखात जाऊन बसते. आकडे बघितले तर लाजच वाटावी असे. मी त्या कागदावर फुली मारणार, एवढ्यात पलीकडच्या खाटेवरून आवाज आला, “तिला काढू नका.”

मी दचकलो! कारण पलीकडच्या खाटेवर आमच्या सासूबाई. आणि सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही हं! गेल्या चोवीस वर्षांत आमच्यात भांडण होण्याइतकं बोलणंच झालेलं नाही. “जेवलात का?” “जेवलो.” संपलं! त्या मोठ्या हॉस्पिटलात हेड सिस्टर होत्या. त्यांचा बूट वाजला की पेशंटच काय, डॉक्टरसुद्धा सरळ झोपायचे म्हणे. चार महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. सौम्यच, पण उजवा हात रुसला. बोटं ऐकेनात. म्हणून आमच्याकडे आणलं. व्यायाम शिकवायला एक ताई यायच्या, रबरी चेंडू द्यायच्या, “आजी, दिवसातून दोनशे वेळा दाबायचा हं!” आजी म्हणायच्या, “चाळीस वर्षं मी लोकांना व्यायाम करायला लावलाय. माझ्याशी लहान मुलीसारखं बोलू नका.” आणि ताई गेल्या की चेंडू डाव्या हातानं खाटेखाली! असे पाच चेंडू होते खाली. मग भिंतीकडे तोंड करून पडायच्या. ही रोज स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची. म्हणायची, “आईनं सोडून दिलंय हो.” माणसांचं मला काय कळतंय? मला लिफ्टमधलं कळतं.

तर त्या सासूबाई म्हणतात, तिला काढू नका! मी म्हटलं, “आई, अहो तिचे आकडे बघा, ताकद नऊ!”

“आकडे नका वाचू. तिच्याकडे बघा. लाळ लागल्यावर समोरचा काय करतो?”

बघितलं. समोरचा उड्या मारतो, गुरगुरतो, पण दर फेरीला थोडा-थोडा खाली... थोडा-थोडा खाली... आणि सातव्या फेरीला आपोआप आडवा! हिनं बोटही लावलेलं नाही!

“विषबाधा,” सासूबाई उशीवरून म्हणाल्या, अगदी तृप्त आवाजात. “सावकाश चढते. आमच्या वॉर्डात असे आले की आरडाओरडा करणाऱ्याला मी नंतर बघायची. गप्प पडलेल्याकडे आधी जायची.”

तुम्हाला सांगतो, चोवीस वर्षांतलं हे त्यांचं सगळ्यात मोठं वाक्य! त्या दिवसापासून माझी खाट त्यांच्या खाटेला चिकटली. सकाळी अंघोळी उरकल्या की आमचा राउंड सुरू. एकेक जनावर बाहेर काढायचं आणि बघायचं. मी कागद घेऊन, त्या नुसत्या नजरेनं. “हा नको. मार खाल्ला की दुसऱ्याच्या तोंडाकडे बघतो.” “हा भित्रा आहे, पण बघा, मागे सरत नाही. ठेवा.” आणि विजेचा एक कोल्हा होता, दिसायला राजबिंडा, आकड्यांनी पहिला नंबर! त्या म्हणाल्या, “हा? हा ड्युटी बदलताना नेमका गायब होणारा.” आणि खरंच, मोठ्या लढाईत तो तीनदा नेम चुकवून बाजूला पडला हो! कोल्ह्याला यांनी ओळखलं कसं? मी विचार करतोय, मी यांच्या लेकीला बघायला गेलो तेव्हा माझ्याकडेही अशाच बघत होत्या, यांना काय दिसलं असेल? विचारायचं धाडस झालं नाही. मला पास केलं होतं की जागा रिकामी होती म्हणून घेतलं होतं?

मग आलं मिणमिण. एक पाखरू, पोटात मेणबत्तीएवढा उजेड. फुंकर मारली तर विझेल. मी म्हटलं, “हे निरुपयोगी.” पण लेकीला फोन केला तर ती म्हणाली, “बाबा, ते लढून-लढून छत्तिसाव्या पायरीला पोचलं की बदलतं. मग बघा. पण तिथपर्यंत न्यायला फार जीव काढतं, मी कंटाळून सोडलं होतं.” तेव्हा मिणमिण होतं चौथ्या पायरीवर. चौथ्या! छत्तीस कधी व्हायचं? आता सांगा, असल्याला घ्यायचं की घरी बसवायचं?

“आणा इकडे,” सासूबाई म्हणाल्या. “नवशिक्या मुली मी तयार केल्यात. रक्त बघून चक्कर यायची त्यांना. त्याच मुली पुढे वॉर्ड सांभाळायच्या. आणा.”

मी यंत्र दिलं. त्यांनी मांडीवर उशी घेतली, उशीवर यंत्र ठेवलं. डाव्या अंगठ्यानं चालायचं, ते जमलं. पण मारायचं बटण उजवीकडे! आता फेकतात, हेही खाटेखाली जाणार! त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला, जसा दुसऱ्या कोणाचा हात उचलावा तसा, आणि बटणाशी आणून ठेवला. अंगठा हलेना. समोरची घूस मिणमिणला चावतेय, आणि अंगठा हलेना! मी दाबून द्यायला हात पुढे केला.

“हात मागे!” 

तो हेड सिस्टरचा आवाज, तुम्हाला सांगतो, माझा मोडलेला पायसुद्धा सरळ झाला! मी कागदात तोंड खुपसलं, वाचतोय असं दाखवत. कागद उलटा होता. किती वेळ गेला कुणास ठाऊक... आणि टिक्! एकदा. मिणमिणनं चिमुकली ठिणगी टाकली. घूस मेली नाही, नुसती शिंकली. पण टिक् झालं हो!

त्या दिवशी एकोणीस वेळा टिक् झालं. मी मोजलं. दुसऱ्या दिवशी चाळीस. आठवड्यानं मोजणंच सोडलं. ही एकदा कणकेच्या हातानं दाराशी आली, आईला जेवायला हाक मारायला, आणि तिथेच थबकली. आईचा उजवा अंगठा बघत राहिली. मी तोंडावर बोट ठेवलं. तिनंही ठेवलं, नाकाला कणीक लागली. तशीच उलट्या पावली आत गेली. जेवायला अर्धा तास उशीर, पण कोणी विचारलं नाही.

अकराव्या दिवशी मिणमिण छत्तीसला पोचलं, पडदा पांढरा झाला, आणि बाहेर काय आलं! पंख एवढाले, सगळं रान उजळलं! सासूबाई नुसतं म्हणाल्या, “हं.” आणि मला चहा सांगितला. मला! एका पायावर!

पण खरी पंचाईत पुढेच. पाच जागा ठरल्या, सहावीला अडलं. माझा ढोल्या की त्यांचा टोच्या, चोचीनं टोचणारा एक पक्षी? त्या म्हणाल्या, “जावईबापू, तुमचा तो झोपतो.” मी म्हटलं, “आई, लिफ्ट वर जाते ती कशानं? लोकांना वाटतं मोटरनं. पण मागे लोखंडी ठोकळे असतात वजनाला वजन धरायला. ते काहीच करत नाहीत, पण काढून बघा! ढोल्या तसा आहे. तो मार खातो म्हणून बाकीच्यांना सावरायला वेळ मिळतो.” आमचा आवाज एवढा चढला की ही लाटणं घेऊन आली, काय झालं बघायला. चोवीस वर्षांतलं पहिलं भांडण! कशावरून? घ्यायचा की घरी बसवायचा, यावरून! सासूबाई जिंकल्या. टोच्या गेला, ढोल्या घरी बसला.

आणि तिसऱ्या उस्तादापाशी आमची सगळी फौज गारद. एकदा नाही, चार वेळा. सावरायला वेळच मिळेना. सासूबाईंनी यंत्र उशीखाली सारलं. मला वाटलं, पुन्हा भिंतीकडे वळतात. संध्याकाळी म्हणाल्या, “तुमचा झोपाळू आणा. माझी चूक झाली.” बस, एवढंच. मोठ्या-मोठ्या डॉक्टरांनी हे वाक्य ऐकायची वाट बघत अख्खी नोकरी काढली असेल, ते मला फुकटात मिळालं! मी मान खाली घालून टोच्याला परत ठेवलं, ढोल्याला घेतलं. हसलो नाही. म्हणजे, त्यांच्यासमोर नाही.

पुढच्या फेरीत चौथ्या उस्तादापर्यंत गेलो. मग चौथा हरला! पाचवाच राहिला, आणि नेमकी माझं प्लास्टर काढायची वेळ! रिक्षा खाली उभी. मी म्हटलं, “आई, थांबा हं! मी आलोच! शेवटचा एकत्र मारू.”

“थांबते की. जा तुम्ही.”

गेलो. करवतीनं प्लास्टर कापताना माझं लक्ष पायाकडे नव्हतंच, डॉक्टर विचारतायत, “दुखतंय का?” मी म्हणतोय, “ढोल्या आधी पाठवायला हवा!” घरी आलो, जिना एकेक पायरी चढत, दार उघडलं, तर सासूबाई खिडकीशी खुर्चीत, मांडीवर यंत्र बंद.

“आई?”

“हरला तो.”

“अहो, थांबणार होतात ना!”

“थांबणारच होते. पण तो फार उद्धट बोलला.”

घ्या! पाच आठवडे मी रकाने आखले, एकशे त्रेचाळीस जनावरांचे, आणि शेवटचा घाव बघायला मी नाही! पण तेवढ्यात व्यायामवाल्या ताई आल्या. हात हातात घेऊन बघितला, एकेक बोट वाकवून बघितलं, आणि म्हणाल्या, “आजी, चेंडूनं कमालच केली!” सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे.

आता मी कामावर जायला लागलोय. संध्याकाळी घरी आलो तर सासूबाईंनी खेळ पहिल्यापासून सुरू केलेला. मी विचारलं, यावेळी कोणते सहा? “बघते,” म्हणाल्या. “आधी हे भरतेय.” वाकून बघितलं. खेळ विचारत होता, तुमचा प्रतिस्पर्धी, जो गावोगाव तुम्हाला आडवा येणार, त्याचं नाव काय ठेवायचं? आणि सासूबाई उजव्या अंगठ्यानं, एकेक इंग्रजी अक्षर शोधत, टिक्... टिक्... टिक्... पाच अक्षरं, एकही चूक नाही. ‘जावई’!

रागवायचं कसं, सांगा ना? तेव्हापासून हा जावई दर गावाला कमरेवर हात ठेवून उभा राहतो, मोठ्या-मोठ्या बाता मारतो आणि दर गावाला सपाटून मार खातो. मी शेजारीच बसलेला असतो. परवा तर तो इतका झकास हरला, की टाळ्यासुद्धा मीच वाजवल्या.