दादाच्या कार्डावर वहिनीचं दुखणं

पगारातून विमा कापतात, मग दवाखान्यात एकट्या कामगारालाच का तपासतात? माझा थोरला भाऊ, दादा, हे कारखान्यात सगळ्यांना विचारायचा. दादाला जाऊन महिना झालाय, तरी हे सांगताना हसू येतंच.

लग्नानंतर वहिनीच्या पोटात अन्न टिकेना. दादा घाबरला. विम्याचं कार्ड घेतलं आणि मला ओढत टेंभी नाक्यावर डॉक्टरांकडे गेला.

"काय होतंय?"

"मला सकाळी ओकाऱ्या होतात, साहेब. फोडणीचा वास सहन होत नाही. सारखी चिंच खावीशी वाटते."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "सरकारी इस्पितळात जा. तिथे फुकट तपासतात, कार्ड लागत नाही. फक्त बायकोला बरोबर ने, बाळ तिच्या पोटात असणार."

मी बाकावरून पडायचा बाकी होतो. दादा म्हणाला, "दात काय काढतोस? काका झालास!"

पोरगी झाली. गेल्या महिन्यात पावसात दादाला ताप भरला, तेव्हा तेच डॉक्टर म्हणाले, "आज कुणाचं दुखणं आणलंस?"

"आज माझंच, साहेब. पण पोरीला खोकला आहे, तेवढं याच कार्डावर बघा."

डॉक्टरांनी त्याला इस्पितळाची चिठ्ठी दिली आणि खोकल्याची बाटली. इस्पितळातून तो परत आला नाही. पण आत जाण्याआधी दाराशी थांबून त्याने बाटली उघडली, एक थेंब जिभेवर घेतला आणि ती माझ्या हातात दिली.

"कडू आहे रे. पोरीला साखर घालून दे."