बाबांचा शर्ट आणि ठासणीची बंदूक

…नाही, पण मला तुम्ही एक सांगा, आधी दारू भरायची आणि मग गोळी, हे काय माणूस आईच्या पोटातून शिकून येतो? सत्तावन्न वर्षांचा माणूस मी. एकतीस वर्षं शाळेची बस चालवतोय, बर्फात, चढावर, मागे चाळीस पोरं बोंबलत असताना, एकदा कुठे गाडी घासली नाही. आणि त्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर दहा जणांसमोर मी काय केलं? गोळी घेतली, तेलकट चिंधीत छान गुंडाळली, नळीच्या तोंडात घातली, गजाने ठोकून ठोकून पार तळाला बसवली… आणि मग आठवलं की दारू खिशातच आहे. आता काढा ती गोळी. कशी काढणार? तोंडाने भरायची बंदूक ती, तिला मागचं दार असतं का? गजाच्या टोकाला स्क्रू लावायचा, तो आत गोळीत फिरवायचा आणि ओढायचं. एकाने बंदूक धरली, दोघांनी मला धरलं, अर्धा तास नुसती रस्सीखेच. शेवटी गोळी सुटली आणि मी चिखलात उताणा. वर एक म्हातारा वाकून बघतोय आणि विचारतोय, “तू ऑर्विल हॉफरचा मुलगा ना रे?”

तेच तर. तिथेच तर सगळं अडलंय.

ऑर्विल हॉफर म्हणजे आमचे बाबा. सगळ्या पॉटर काउंटीत चकमकीच्या बंदुकीचं नाव काढलं की बाबांचं नाव निघायचं. नाताळ झाला, की दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे हरणाच्या शिकारीला फक्त चकमकीची बंदूक चालते. दुर्बीण नाही, काडतूस नाही, काही नाही. बाबा म्हणायचे, “एकच गोळी, डेल्मर. दुसरी भरायला माणसाला लाज वाटली पाहिजे.” आणि आमच्या कॅम्पचा, जंगलातल्या त्या शिकारीच्या झोपडीचा, नियम तुम्हाला माहीतच आहे. नेम चुकला की शर्टाची मागची शेपटी, पँटमध्ये खोचतो ती, कात्रीने कापायची, त्यावर नाव नि साल लिहायचं आणि चुलीच्या वरच्या भिंतीवर खिळ्याने ठोकायची. मेला तरी ती तिथेच. सगळ्या घराण्यांच्या चिंध्या आहेत तिथे. केपनरांच्या सहा आहेत. डॉयल, आमचा आतेभाऊ, त्याच्या एकट्याच्या चार. हॉफरांची एक नाही. बाबांच्या हिरव्या-काळ्या चौकटीच्या लोकरी शर्टाला जन्मात कात्री लागली नाही.

मग मला कधी का शिकवलं नाही, म्हणाल. शिंकलो म्हणून!

हसू नका. बारा वर्षांचा होतो, पहिल्यांदाच बाबांबरोबर गेलेलो, समोर हरीण उभं, बाबांनी बंदुकीचा घोडा मागे ओढला, आणि मी शिंकलो. हरीण गेलं. त्या साली आमच्या घरी हरणाचं मांस आलं नाही, आई सगळा हिवाळा कोंबड्या शिजवत बसली, आणि दर कोंबडीला बाबा म्हणायचे, “डेल्मरच्या शिंकेची कोंबडी.” वाटलं, एका हिवाळ्यापुरतं असेल. छे! अग्निशमन दलाच्या जेवणात तेच, चर्चच्या पायरीवर तेच. माझ्या लग्नात, तुम्हाला सांगतो, माझ्या लग्नात उभे राहिले, ग्लासावर चमचा वाजवला, मला वाटलं आता दोन शब्द चांगले बोलतील. तर लोरेटाच्या सगळ्या माहेरच्यांसमोर म्हणाले, “पोरी, याला जंगलात नेऊ नकोस, हा शिंकतो.” पंचेचाळीस वर्षं! ठासणीची बंदूक हातात मागितली की एकच उत्तर, “हे तुझं काम नाही, डेल्मर. इथे एकच गोळी असते.”

मार्चमध्ये बाबा गेले. बंदूक माझ्याकडे आली, कारण दुसरं कोणी नव्हतंच. मी मनाशी म्हटलं, आता बघा. एक हरीण, एक गोळी, आणि ती शिंक एकदाची पुरून टाकतो. तेवढंच हवं होतं मला, दुसरं काही नको होतं.

मग काय, शिका. दुकानात गेलो तर तो दुकानदार म्हणतो, “सोपं असतं हो, आपले पणजोबा करायचे.” माझे पणजोबा एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, कशाने ते आता कळलं. दारू मोजायची एका मापाने, घोड्यापाशी जी लहान वाटी असते तिच्यात घालायची रंजक, म्हणजे पेटवायची दारू, वेगळी, बारीक. वाटीपासून नळीत जायला एक सुईएवढं भोक, ते तुंबलं की संपलं. चाप ओढला की चकमक पोलादावर आपटणार, ठिणगी वाटीत पडणार, वाटीतली रंजक भडकणार, नाकासमोर बरं का, तुमच्या नाकासमोर, आणि मग जाळ त्या भोकातून आत जाणार आणि मग बार उडणार. तोपर्यंत तुम्ही काय करायचं? हलायचं नाही. डोळा मिटायचा नाही. भुवया जळतायत, जळू द्या.

उन्हाळाभर केलं. दर रविवारी घरी आलो की नळी गरम पाण्याने धुवायची, नाहीतर गंज चढतो, आणि त्या पाण्याला वास कसला, शंभर अंडी सडल्यासारखा. लोरेटाच्या स्वयंपाकघरातल्या मोरीत एकदा धुतली, एकदाच. तिने खिडक्या उघडल्या, बहिणीकडे गेली आणि मंगळवारी आली. पण सप्टेंबरपर्यंत पंचवीस पावलांवरून मी पत्र्याची थाळी पाचातून चार वेळा वाजवत होतो. पाचातून चार! मला रडू आलं असतं, पण बंदुकीला पाणी सोसत नाही.

नाताळच्या संध्याकाळी आईकडे गेलो. चौऱ्याऐंशीची आहे, सुई अजून चष्म्याशिवाय ओवते. तिने पेटी उघडली आणि बाबांचा शर्ट काढला. डांबरगोळ्यांचा असा भपकारा, की मी तिथेच तीनदा शिंकलो. ती माझ्याकडे अशी बघतेय… म्हणाली, “घाल. पण खोचूनच ठेव हं, डेल्मर. बाहेर काढू नकोस, पाठीला गारठा लागेल.” मी म्हटलं, आईचं प्रेम. घडी होती तशीच नेली, पहाटे कॅम्पमध्ये अंधारात घातला, खोचला, बाहेर पडलो.

आणि आली हो! हेमलॉकच्या झाडांतून हरणी आली, पंचवीस पावलांवर, माझ्या थाळीपेक्षा मोठी, आडवी उभी. शिंक? शिंक नाही, काही नाही. घोडा ओढला, नेम धरला, मनात म्हटलं, एकच गोळी, बाबा. चाप ओढला. वाटीत भक्कन जाळ झाला… आणि बस. तेवढंच. आतला बार उडालाच नाही. भोक तुंबलेलं. हरणीने मान वर केली, माझ्याकडे बघितलं, आणि खाली वाकून परत बर्फ उकरायला लागली. मी टाचणीने भोक मोकळं केलं, नवी रंजक घातली, घाईत अर्धी बुटावर. परत नेम. या वेळी बार उडाला, पण मी त्याच्या आधी डोळा मिटलेला होता. धूर! पांढरा, जाड, सगळं जंगल नाहीसं. धूर सरला, तर हरणी दोन पावलं जवळ आलेली. बघायला!

आता दुसरी गोळी भरायला लाज वाटली पाहिजे, हो ना? वाटली. तरी भरली. दारू, चिंधी, गोळी, गज, ठोक, ठोक, रंजक, नेम, डोळा उघडा, अगदी टक्क उघडा. चाप. काय आवाज झाला म्हणता! खांदा गेला असं वाटलं. धूर सरला. हरणीच्या डोक्यावर दीड हात वर, हेमलॉकच्या बुंध्यात, बाबांचा अक्रोडाच्या लाकडाचा गज रुतलेला, थरथरतोय. काढायचाच राहिला होता नळीतून. हरणीने गजाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. आणि गेली, तुम्हाला सांगतो, पळाली नाही, चालत गेली.

मी खोटं बोललो असतो. पण आवाज सगळ्या दरीत गेलेला आणि हातात झाडातून उपटलेला मोडका गज. कॅम्पमध्ये शिरतो तर डॉयल कात्री घेऊन तयारच. वर वाद! म्हणे गोळीबद्दल शेपटी कापायचीच, पण गजाबद्दल वेगळी बाही कापायची का? एल्वुड काका, बाबांचे जन्माचे सोबती, ब्याऐंशी वर्षांचे, ते कोपऱ्यातून म्हणाले, “सोडा रे त्याला, पहिलंच वर्ष आहे. शर्ट खोचलेला राहू दे.” ते कधी कोणाला सोडा म्हणत नाहीत. पण डॉयल ऐकतोय थोडाच? “बाबांचा तरी राहू दे रे, माझा दुसरा काप,” मी म्हटलं, खरंच म्हटलं, हात जोडले. त्याने शर्ट मागून ओढून काढला, खर्रकन कापला, तुकडा वर धरला. आणि सगळे पुढे वाकले.

तुकडा लाल होता. लाल-पांढरी चौकट. हिरव्या-काळ्या शर्टाला मागून लाल शेपटी, बारीक टाक्यांनी जोडलेली, असे टाके की आईशिवाय कोणाचे नाहीत. आमच्या जुन्या स्वयंपाकघराचा पडदा होता तो. मी ओळखला.

एल्वुड काकांनी माझी बाही धरली आणि बाहेर लाकडांच्या ढिगामागे नेलं. आणि सांगितलं. मी शिंकलो ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा परत गेले होते, तेच हरीण, वीस पावलांवर. चुकले. भरली, परत चुकले. परत भरली. “तीनदा, डेल्मर,” काका म्हणाले, “आणि ते येडं हरीण ओकची फळं खात उभं. मी समोरच्या उतारावरून बघत होतो. नियम तो नियम, शेपटी मी कापली. पण ऑर्विल ओंडक्यावर बसून रडला रे. म्हणाला, नाव लिहू नकोस. पोराला काय तोंड दाखवू?”

पोराला तोंड दाखवता येईना, म्हणून पोराची शिंक सगळ्या गावाला दाखवली. पंचेचाळीस वर्षं! माझ्या लग्नात! मला इतका राग आला, इतका, की मी त्या ढिगातलं एक लाकूड उचललं, आणि आता मारायचं कोणाला? बाबा मार्चमध्येच गेलेले. ठेवलं परत.

आत आलो तर डॉयल भिंतीपाशी नाक लावून उभा. भिंतीवर एक बिननावाचा तुकडा होता, हिरवा-काळा, सगळे त्याला ‘पाहुण्याचा’ म्हणायचे. डॉयलने माझ्या शर्टाचं टोक धरलं, तुकड्याला लावलं. तंतोतंत. “डेल्मर,” तो म्हणाला, “हा कोणाचा?”

आता बोला! सहा जण कान लावून बसलेत. एक शब्द, फक्त “बाबांचा” म्हणायचं, आणि शिंक संपली, कोंबड्या संपल्या, सगळं संपलं. मी तोंड उघडलं. आणि मला आई दिसली, खिडकीपाशी बसून स्वतःचा पडदा कापून ते बारीक टाके घालणारी, आणि मग इतकी वर्षं चर्चच्या पायरीवर, “आमच्या ऑर्विलच्या शर्टाला कात्री लागली नाही हो.”

“माझा,” मी म्हटलं. “बारा वर्षांचा होतो. बाबांचा शर्ट घातला, बंदूक चोरली. चुकलो.”

एल्वुड काका चुलीत लाकूड सारत राहिले. डॉयलने शाईचं पेन आणलं. आता त्या भिंतीवर हॉफरांचे दोन तुकडे आहेत, दोन्हींवर माझं नाव. आणि डॉयल येईल त्याला दाखवतो, “बघा, बारा वर्षांचा असताना चुकला, सत्तावन्नाव्या वर्षी चुकला. माणूस बदलत नाही.”

नव्या वर्षाच्या दिवशी आईकडे डुकराचं मांस आणि आंबवलेल्या कोबीचं जेवण असतं. शर्ट पिशवीतून काढला, तिच्या मांडीवर ठेवला. तिने उलटा केला, बघितलं. कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग उठून शिवणाच्या डब्यातून लाल-पांढऱ्या चौकटीचा कापडाचा तुकडा काढला, चार घड्या घातलेला. म्हणाली, “थोडं उरलं होतं. जपून ठेवलंय.” सुई ओवली. मी समोर बसलोय. आता बोलेल, मग बोलेल. एका टाक्यापाशी थांबली, माझ्याकडे बघितलं, म्हणाली, “डेल्मर…”

मी म्हटलं, “बोल, आई.” आणि पुढे वाकलो. शर्टाचा तो डांबरगोळ्यांचा वास नाकात गेला, आणि मी शिंकलो.

आईने मान खाली घातली आणि पुढचा टाका घातला. “बघ,” म्हणाली, “हे असं करतोस, म्हणून हरणं पळतात.”