जागच्या जागी राहणारा दोरा

झेरॉक्सच्या रांगेत शिंप्याच्या पुढे कॉलेजातली दोघं उभी होती. मुलाचं जर्नल मुलीच्या हातात होतं, म्हणजे वेळ लागणार, म्हणून शिंप्याने आपला अर्ज खिशात घातला आणि कान मोकळे केले.

“हे प्रॅक्टिकल तू तिच्याबरोबर केलंस?”

“सरांनी जोड्या लावल्या. दोन गाड्या, मध्ये स्प्रिंग. ताणायची, सोडायची, आंदोलनं मोजायची.”

“एक गाडी तुझी, एक तिची?”

“हो. माझी दुप्पट जड.”

“म्हणजे तिची जास्त हलणार.”

“दुप्पट. नियमच आहे तो.”

“आणि तू टक लावून बघत बसलास.”

“मोजत होतो गं. पन्नास आंदोलनं.”

“माझ्या वेळी वीसच मोजली होतीस!”

“तेव्हा लाईट गेली होती.”

“आणि आकृतीत हा लाल दोरा कसला?”

“गाड्या हलतात, पण स्प्रिंगवरची एक जागा अजिबात हलत नाही. तिथे खूण म्हणून बांधला.”

“आणलास कुठून?”

“तुझ्या स्वेटरचा. निघाला होता, तेव्हापासून वहीत ठेवलाय.”

“लोकर सुटते. दुहेरी गाठ मारायची,” शिंप्याला राहवलं नाही.

“दुहेरीच मारली, काका.”

“तिनं विचारलं का, दोरा कुणाचा?” मुलगी म्हणाली.

“विचारलं. मी सांगितलं.”

“मग?”

“तोंड पाडून म्हणाली, दोन टोकांना आपण दोघं, मग मध्ये ही कोण?”

दुकानदाराने हात पुढे केला. “कुठलं पान?”

“हेच. दोन काढा,” मुलगी म्हणाली. “तिची रंगीत.”