चौदाव्या पानावरची चूक

"हॅलो? … हं, रुचिर, मीच करणार होते फोन. … ते तुझ्या सोमवारच्या नोकरीच्या इंटरव्ह्यूचं नंतर बघू. आधी ऐक."

टावर चौकातल्या गर्दीतून अश्लेषाने स्कूटी कडेला घेतली. कॉलेजात गणित शिकवता शिकवता अकरा वर्षं ती एकाच प्रश्नामागे होती. मूळसंख्यांच्या अभ्यासात येणाऱ्या झीटा फलनाची लगतची दोन शून्यं सरासरी अंतराच्या निम्म्याहूनही जवळ येतात, आणि अशा जोड्या कधी संपतच नाहीत, असा सगळ्यांचा अंदाज. सिद्धता कोणाकडेच नाही. महिन्यापूर्वी तिने आणि तिच्या जुन्या विद्यार्थ्याने, रुचिरने, ती सापडल्याचा पेपर नेटवर टाकला होता.

"चौदाव्या पानावर चूक आहे. माझीच. जी एरर टर्म मी किरकोळ धरली, ती मुख्य टर्मएवढीच निघतेय. सगळं कोसळलं. … हो, आज सकाळी दिसली. … काय? … क्काय म्हणालास? … तीन हफ्ते? तुला तीन हफ्त्यांपासून माहीत होतं?"

शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला.

"माझं मन दुखू नये म्हणून? झूठ नको बोलूस! इंटरव्ह्यू होईपर्यंत दाबून ठेवलंस, सरळ सांग ना. … अरे, रविवारी नानाखेड्यात आपल्या मराठी मंडळाने सत्कार केला माझा. माईच्या डोळ्यांना धार लागली होती. आणि तू खास इंदूरहून येऊन टाळ्या वाजवत होतास! सगळं माहीत असून!"

चुकायची तिला सवय होती, अकरा वर्षं दुसरं केलं काय? पण त्या टाळ्या आठवल्या की अंगाची लाही होत होती.

"कोणाच्या लक्षात येणार नाही? मतलब? उद्या कोणी बिचारा ह्याच्यावर पुढचं काम रचेल, त्याचं काय? … नाही, सोमवारपर्यंतसुद्धा नाही. आज मागे घेतेय मी. … मग स्वतःच सांग त्यांना, चूक सापडली म्हणून. … नाही घेतलं नोकरीवर, तर नको घेऊ देत! … ए, आवाज चढवू नकोस. … मॅडम मॅडम काय करतोस? मीच शिकवलं ना तुला, तेच तर… हॅलो? रुचिर? हॅलो?"

त्याने फोन कापला होता.

तिथेच, स्कूटीवर बसल्या बसल्या, तिने फोनवरच पेपर मागे घेत असल्याचं लिहिलं. कारण दिलं: चौदाव्या पानावरची चूक, माझी. ती आपल्याला कधी कळली, ते तिने लिहिलं. रुचिरला कधी कळली होती, ते लिहायला घेतलं, दोन शब्द लिहिले, आणि दात-ओठ खात खोडून टाकले.