एकाच गल्लीत

लक्ष्मीबाई : उघड की गं मेघे ते उत्तर! सकाळधरनं नुसती फोनकडं बघत बसलीयास.

मेघना : भीती वाटतीय आजी. 'नाही' असलं तर?

साहेबराव : आरं, मला बी सांगंल का कुणी? कुठल्या बायांचं एवढं चाललंय?

मेघना : सुदानच्या हायत आबा. हलीमा आणि झैनब, जावा-जावा. युद्धात घर गेलं, दोघींचे नवरे गेले. पोरं घेऊन छावणीत राहतायत. आता कॅनडा त्यांना घेतंय.

साहेबराव : मग तू पुण्यात बसून काय करतीस त्यात?

मेघना : कुणाला कुठल्या शहरात पाठवायचं, ते आमचं सॉफ्टवेअर सुचवतं. काम मिळेल का, दवाखाना जवळ आहे का, त्यांची भाषा बोलणारं कुणी आहे का, सगळं जुळवून बघतं.

साहेबराव : आपल्या घरात कधी कुणाची पत्रिका जुळवली न्हाय, आन तू गावंच्या गावं जुळवतीस व्हय!

मेघना : थट्टा नको हो आबा. त्यानं एकीला एका टोकाला टाकलं, दुसरीला दुसऱ्या. रक्ताचं नातं नाही, म्हणून त्याच्या लेखी दोघी परक्या.

लक्ष्मीबाई : जावा आन परक्या? आगं, रांधल्यात, खाल्ल्यात एकत्र!

साहेबराव : धरणात गाव गेलं तवा आपलं तरी काय झालं? थोरल्या भावाला बावड्याला धाडलं, आपल्याला हितं कळंबला. तितं तर मशीन बी नव्हतं, जितीजागती माणसं हुती.

लक्ष्मीबाई : माझी थोरली जाऊ भामा, माझा हात सोडंना. ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, आन ही बया आपली धरूनच. लई रडले मी हितं येऊन. कुणाशी बोलावं तेच कळंना.

मेघना : म्हणून तर मी भांडले ऑफिसात. एका घरात राहिलेल्यांना एकत्रच ठेवा म्हटलं. त्यांनी ऐकलं, पण एका शहरात दोघींना घरं मिळायला हवीत ना! त्याचंच उत्तर आलंय हे.

लक्ष्मीबाई : उघड बाई. माझा जीव टांगणीला लागलाय.

मेघना : उघडते… आजी! आगं आजी!

साहेबराव : आता बोलशील का कान फुटस्तोवर वरडशील?

मेघना : एकच शहर! एकाच गल्लीत घरं! त्या दोघींना सांगितलंसुद्धा, हा बघा त्यांचा व्हिडिओ.

लक्ष्मीबाई : सुटले गं बाई! पर या एवढ्या हातवारे करून काय बोलत्यात? रडत्यात का?

मेघना : (हसू आवरत) दुभाष्यानं खाली लिहिलंय. कोपऱ्यावरचं मोठं घर कुणी घ्यायचं, त्यावरनं भांडतायत.

साहेबराव : आत्ताच? घराचं दार बी बघितलं न्हाय अजून!

लक्ष्मीबाई : भांडू द्या वो. आता येळ हाय त्यास्नी भांडायला.