किरण कोण?

कोल्हापूरच्या स्टँडवर नेसरीच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. मागच्या बाकावर आत्या-भाचीचं जुंपलं होतं.

"राजनंदिनी, खरं सांग. हा किरण कोण हाय?"

"कोण किरण?"

"फोनवर बोलत हुतीस की! 'किरण कुठनं येतात ते आम्ही दोन वर्षं शोधतोय.' वर अहो-जाहो करत हुतीस!"

"अगं, आकाशातले किरण, आत्या! वैश्विक किरण! माझं संशोधन हाय ते!"

"आन् दोन वर्षांत त्यांचं गाव सापडंना व्हय?"

"कसं सापडणार? चुंबकीय क्षेत्रं त्यांना वाटेत वळवतात. वळत वळत आलेला किरण कुठनं निघाला ते कळतच न्हाय. म्हणून आम्ही न्यूट्रिनो धरतो. ते बारीक कण किरणांच्या गावातनंच निघतात आणि कुठं न वळता सरळ येतात."

"म्या फकस्त तुझ्या आईला सांगितलं. तिनं काकीला सांगितलं. आन् काकीनं तुझ्या बापाला सांगितलं, पोरगी किरणसंगं पळून चाललीया."

"बघ, वळत वळत काय झालं त्याचं! सरळ मला इचारायला काय झालतं तुला?"

"आता वरडून काय उपयोग? काल तुझ्या बापानं जयसिंगपूरच्या पावण्यांसंगं सुपारी फोडली की."

"मला न इचारता?"

"गाडी लागली बघ. चल, घरात बोलू."

"तू जा नेसरीला. मी जयसिंगपूरची गाडी धरते. सरळ त्यांच्याच दारात जाऊन सांगते."