पाचव्या शर्यतीतील चार नंबरची घोडी

मी, वाचकांमध्ये 'रेलिंगवाले काका' म्हणून ओळखला जाणारा, वय ६७ वर्षे, धंदा वर्तमानपत्रात घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज लिहिणे, राहणार रेसकोर्सच्या मागील गल्ली, शिवणाच्या दुकानावरचा पहिला मजला, आज मंगळवारी सकाळी अकरा वाजता पोलीस ठाण्यात समक्ष येऊन, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नीसह राहतो. खालचे शिवणाचे दुकान तिचे आहे. गेली एकतीस वर्षे रविवारच्या अंकात त्या दिवशीच्या प्रत्येक शर्यतीत कोणता घोडा जिंकेल, ते मी कारणासह लिहितो. स्वतः आजवर एकाही घोड्यावर पैसे लावलेले नाहीत. इतर अंदाजवाले घरी बसून मागचे निकाल चाळतात आणि लिहितात. माझा अंदाज पहाटे ट्रॅकच्या रेलिंगला उभे राहून, घोड्यांची सकाळची दौड पाहून लिहिला जातो. हे वाक्य तपासाच्या कामाचे नाही, गाळू का, असे हवालदारांनी विचारले. मी गाळू दिले नाही.

परवाच्या रविवारी सात शर्यती होत्या. पहिलीत दोन नंबरचा घोडा लिहिला, कारण अंतर कमी होते आणि तो सुरुवातीलाच सुटतो. दुसरीत नऊ नंबरचा, कारण मैदान ओले होते आणि त्याचे खूर रुंद आहेत. तिसरीत सर्वांचा लाडका घोडा सोडून पाच नंबरचा धरला, कारण लाडक्याला शुक्रवारी दौडीनंतर धाप लागली होती. सहावी आणि सातवीही अशाच रीतीने. सातपैकी सहा घोडे आले. फक्त चौथ्या शर्यतीचा अंदाज चुकला, त्याचे कारण पुढे येईल.

पाचव्या शर्यतीसाठी मी चार नंबरची घोडी लिहिली होती. मागच्या दोन्ही शर्यतींत ती शेवटून पहिली आल्याने तिला कोणी हिशेबात धरले नव्हते. अंकात असे छापले आहे : "हिच्या डाव्या मागच्या पायाची तक्रार आता मिटली आहे. आज ही मागे वळून पाहणार नाही." घोडी चार घोड्यांच्या लांबीएवढ्या फरकाने जिंकली.

घोडीच्या ट्रेनरने सोमवारी क्लबकडे तक्रार केली आणि क्लबने ती तपासासाठी ठाण्याकडे पाठवली. घोडीचा पाय दुखत होता हे तो स्वतः, घोड्यांचा डॉक्टर आणि घोडीची निगा राखणारा मोतद्दार या तिघांनाच ठाऊक होते, मग पेपरात आले कसे, असे त्याचे म्हणणे आहे. संशय मोतद्दारावर आहे. त्या मोतद्दाराशी "आज गारठा आहे" यापलीकडे माझे कधी बोलणे झालेले नाही. तबेल्यातून बातमी काढल्याचे ठरले तर माझा ट्रॅकचा पास कायमचा रद्द होईल, असे क्लबने लेखी कळविले आहे. पास गेला की रेलिंग गेले आणि रेलिंग गेले की आमचे कामच संपले.

इन्स्पेक्टर साहेबांनी मला बसायला खुर्ची दिली आणि ते म्हणाले, "काका, योगायोग होता असं लिहून द्या आणि मोकळे व्हा. मलाही दुसरी कामं आहेत." मी नकार दिला. योगायोग आंधळ्या माणसाला एकदा दारापर्यंत नेईल, दर रविवारी नेणार नाही. पायाचे मी स्वतः डोळ्यांनी पाहिले, असे मी त्यांना सांगितले. ते खरे नव्हते.

त्यावर साहेब म्हणाले, "समोरच्या फळ्यावर काय लिहिलंय ते वाचा." मी म्हणालो, "ठाण्यातल्या फळ्यावर दुसरं काय असणार?" ते म्हणाले, "ओळखा नाही म्हटलं, वाचा म्हटलं." मला वाचता आले नाही. नंतर मी जे सांगितले ते खालीलप्रमाणे.

दोन वर्षांपूर्वी माझ्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली. कडेचे अंधूक दिसते, समोरचे दिसत नाही. डॉक्टरांनी पहाटे एकट्याने बाहेर पडायला मनाई केली. माझ्या पासावर सोबत एक व्यक्ती नेता येते, म्हणून पत्नी हात धरून यायला लागली. ती आधी बाकावर बसून पँटींच्या दुमडी उसवत असे. एके पहाटे धुक्यात मी स्टॉपवॉच लावून एका घोड्याची वेळ घेतली आणि तिला म्हणालो, "काय चाल आहे बघ, जराही हलत नाही." ती म्हणाली, "अहो, तो जमीन सपाट करणारा ट्रॅक्टर आहे." त्या ट्रॅक्टरची वेळ माझ्या वहीत आजही आहे. वही सादर करीत आहे.

त्या दिवसापासून घोडे ती पाहते आणि मला सांगते. लिहिण्याची भाषा माझी, नजर तिची. परवाची चौथी शर्यत मात्र मी जुन्या आठवणीवर, तिचे न ऐकता लिहिली. तो घोडा अकरावा आला. अकराच घोडे होते.

पत्नी बाहेर बाकावर होती. तिला आत बोलावण्यात आले. मला पाहून ती म्हणाली, "सांगितलंत ना शेवटी?" हवालदारांनी तिच्या नावापुढे 'गृहिणी' लिहिले होते. ते माझ्या सांगण्यावरून खोडून 'चाळीस वर्षे शिवणकाम' असे केले आहे.

पायाचे कसे कळले, असे विचारले असता ती म्हणाली, "माप घेताना गिऱ्हाईक ताठ उभं राहतं, पण भार एकाच पायावर टाकतं. ते ध्यानात नाही घेतलं तर पँट एका बाजूला लोळते. ही घोडी डावा पाय टेकायची, पण भार द्यायची नाही. तीन आठवडे बघत होते. गुरुवारी तिनं पहिल्यांदा पुरता भार दिला. मी यांना म्हटलं, आता हिला कोणी धरत नाही."

साहेबांनी विचारले, "बाई, तुम्ही कधी घोड्यावर बसलात का?" ती म्हणाली, "नाही. पँटही कधी घातली नाही. शिवते मात्र चांगली."

साहेबांनी ट्रेनरला फोन लावून तिच्याकडे दिला. घोडीचे दुखणे कोणत्या सांध्यात होते, कोणत्या आठवड्यात वाढले आणि कोणत्या बाजूच्या वळणावर जास्त जाणवत होते, हे तिने त्याला सांगितले. शेवटी तिने विचारले, "तुमच्या त्या काळ्या घोड्याचा उजवा खांदा दाखवलात का कुणाला?" ट्रेनरने काय उत्तर दिले ते मला ऐकू आले नाही. फोन ठेवल्यावर साहेबांनी माझ्यासमोर मोतद्दारावरचा संशय राहिला नसल्याची नोंद केली. त्या वेळी मला जो अभिमान वाटला तो मला माझ्या कुठल्याही अंदाजाने दिलेला नाही.

आणखी एक गोष्ट कोणी न विचारता सांगतो. गेल्या वर्षी पेपरच्या कचेरीत माझा सत्कार झाला. 'अनुभवी नजर' असे भाषणात म्हणाले. मी मान हलवली. त्या दिवशी घातलेला कोट तिने शिवलेला होता आणि ती तिसऱ्या रांगेत बसली होती. माझ्या भाषणात मी तिचे नाव घेतले नाही. कारण विचाराल तर सांगण्यासारखे कारण नाही. त्याआधी दोनदा मी अंदाजाखाली तिचे नाव टाकू का विचारले होते. "पँटी राहतील बाजूला, लोक मला घोडेच विचारत बसतील," असे म्हणून ती नको म्हणाली होती, आणि तिच्या नकाराने माझी सोय झाली होती.

क्लबला माझी विनंती आहे की, दुसऱ्याने पाहिलेले मी दोन वर्षे आपल्या नावावर छापले, त्यासाठी माझा पास जरूर रद्द करावा. नवा पास माझ्या पत्नीच्या नावे द्यावा. त्यावर सोबतची व्यक्ती म्हणून माझे नाव लिहावे. असे लिहू का, म्हणून तिला विचारले. ती म्हणाली, "लिहा."

वरील जबाब मला वाचता येत नसल्याने पत्नीने सर्वांसमक्ष मोठ्याने वाचला. एकही ओळ न गाळता वाचला. तो मी बोललो तसाच उतरला आहे आणि खरा आहे. सही करण्याच्या जागी तिने माझे बोट ठेवून दिले, तेथे मी सही केली. तिच्या सहीची गरज नाही असे हवालदार म्हणाले, परंतु माझ्या आग्रहावरून तिचीही सही घेतली आहे, आणि ती माझ्या सहीच्या वर आहे.